दुसऱ्याच्या खांद्यावरची बंदूक

सदसद्विवेकाची किंमत किती, असे कोणी विचारले तर आपण त्याला वेड्यात काढू. विवेक ही काय दुकानात मांडून ठेवायची वस्तू आहे? पण एका कायद्यात ही किंमत अगदी आकड्यांनिशी लिहून ठेवलेली सापडते. शांततेच्या काळात वर्षाला वीस शिलिंग. परचक्र आले किंवा बंड झाले, तर वर्षाला पाच पौंड. हा कायदा १७९३ सालचा आणि अप्पर कॅनडा नावाच्या ब्रिटिश वसाहतीचा. आजच्या ऑन्टारियो प्रांताचा दक्षिणेकडचा मुलूख म्हणजे ती वसाहत. थोड्याच वर्षांनी, १७९७ मध्ये, ब्रिटिश शिपायाचा रोजमुरा एक शिलिंग झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे किमतीचा अंदाज येईल. शिपायाचा वीस दिवसांचा पगार भरला की शांततेत सुटका. शंभर दिवसांचा भरला की युद्धातही सुटका.

सणाच्या दिवसांत, फराळाचे ताट शेजारी असताना, इतक्या दूरची ही हकीकत वाचकांपुढे कशासाठी? तिच्यातला प्रश्न दूरचा नाही म्हणून. ज्या गोष्टीला आपले मन पाप म्हणते ती गोष्ट सरकारने किंवा समाजाने आपल्याकडे मागितली, तर ‘नाही’ कसे म्हणावे? आणि आपण ‘नाही’ म्हटल्यावर मागे उरलेले ओझे कोणी वाहावे? पहिल्या प्रश्नावर आपण पुष्कळ बोलतो. दुसऱ्याकडे सहसा कोणी वळत नाही.

आधी तो मुलूख डोळ्यांपुढे आणू या. अमेरिकेतल्या वसाहती १७८३ मध्ये इंग्लंडच्या हातून कायमच्या गेल्या. उत्तरेकडे जे राहिले त्यातून १७९१ मध्ये अप्पर कॅनडा हा वेगळा प्रांत झाला. एका बाजूला दाट अरण्य, दुसऱ्या बाजूला मोठी सरोवरे आणि नायगारा नदी; नदीपलीकडे कालपरवापर्यंत शत्रू असलेले नवे राष्ट्र. १८१२ साली युद्ध पेटले तेव्हा त्या राष्ट्राची वस्ती सत्तर लाखांच्या वर होती आणि या प्रांताची जेमतेम पाऊण लाखाच्या आसपास. अशा सरहद्दीवर पगारी फौज पुरणार कशी? म्हणून पहिला लेफ्टनंट गव्हर्नर सिम्को याच्या कारकिर्दीत कायदा झाला, की सोळा ते पन्नास वर्षांच्या प्रत्येक पुरुषाने मिलिशियात, म्हणजे नागरिकांच्या पलटणीत, नाव घातलेच पाहिजे. पुढे १८०८ च्या कायद्याने वार्षिक हजेरीचा दिवस ठरला ४ जून, म्हणजे राजाचा वाढदिवस. बंदूकही ज्याची त्याने आणायची. एरवी झाडे तोडणारे, नांगर धरणारे शेतकरी त्या दिवशी मैदानात रांग धरून उभे राहत.

या रांगेत उभे राहायला ज्यांनी नकार दिला, त्यांतल्या तीन पंथांची नावे कायद्यानेच नोंदली आहेत: क्वेकर, मेनोनाइट आणि टंकर. क्वेकर हे सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये निघालेल्या पंथाचे लोक. प्रत्येक माणसाच्या अंतरात ईश्वराचा प्रकाश असतो ही त्यांची श्रद्धा. म्हणून ते कोणापुढे टोपी काढत नसत, शपथ घेत नसत आणि कोणावर शस्त्र उचलत नसत. समोरच्या माणसात ईश्वराचा दिवा तेवत असेल तर त्यावर गोळी कशी झाडायची? मेनोनाइट हे सोळाव्या शतकातल्या मेनो सिमन्स या डच धर्मोपदेशकाच्या नावाने ओळखले जाणारे, जर्मन बोलणारे शेतकरी. टंकर त्यांच्याच जातकुळीचे. बाप्तिस्मा घेताना पाण्यात बुडी मारण्याच्या रीतीवरून ते नाव पडले. हे लोक मुख्यतः पेनसिल्व्हेनियातून उत्तरेकडे आले. सिम्कोला असे कष्टाळू, निर्व्यसनी शेतकरी हवेच होते. त्यांना ओढून घ्यायचे तर त्यांच्या श्रद्धेला थोडी वाट करून देणे भाग होते. म्हणून कायद्यात तरतूद आली: आपल्या पंथाचे प्रमाणपत्र दाखवा, ठरलेली रक्कम भरा आणि घरी राहा.

वरवर पाहता हा उदारपणाच होता. त्या काळात जगातल्या कितीतरी राज्यांत अशा माणसाला चाबूक किंवा त्याहून वाईट काही मिळाले असते. पण त्या वीस शिलिंगांकडे नीट पाहिले की एक मोठा पेच दिसू लागतो. ही रक्कम नेमकी काय आहे? कर, दंड, की शुल्क? नाणे एकच, पण नाव कोणते द्यावे यावर सगळे अवलंबून आहे.

मेनोनाइटांनी त्याला कर म्हटले. राजाचे देणे राजाला द्यावे, देवाचे देवाला द्यावे, अशी ख्रिस्ताची शिकवण. तेव्हा राजाने पैसे मागितले तर द्यावेत. त्या पैशांचे तो काय करतो त्याचा जाब देवापुढे तो देईल. आपल्या हातून रक्त सांडले नाही म्हणजे झाले. हा युक्तिवाद तुच्छ लेखण्यासारखा मुळीच नाही. आपण सगळे रोज असेच जगतो. जे जे विकत घेतो त्यातल्या पुष्कळशा गोष्टींवर कर भरतो आणि त्या पैशांतून सरकार जे जे करते त्या सगळ्याला आपली मान्यता असते असे नाही. कराचा प्रत्येक पैसा कोठे जातो ते तपासून मगच तो द्यायचा असे ठरवले, तर संसार चालणार नाही.

क्वेकरांना हे पटले नाही. सरसकट सगळ्यांवर बसणारा कर वेगळा आणि ‘तू लढत नाहीस म्हणून भर’ असे सांगून घेतलेली रक्कम वेगळी, असे त्यांचे म्हणणे. ही रक्कम भरणे म्हणजे लढाईला जाणे हे आपले कर्तव्यच होते आणि ते आपण चुकवले, अशी कबुली देणे. जो गुन्हा केलाच नाही त्याचा दंड कसा भरायचा? म्हणून ते भरत नसत, आणि आपल्यापैकी कोणी गुपचूप भरला तर त्याला सभेपुढे जाब द्यावा लागे. त्याचे नाव पंथातून कमीही होई. मग जप्ती येई. गाय जाई, घोडा जाई, घरातली भांडी जात. जप्त करण्यासारखे काही सापडले नाही तर तुरुंग. आजच्या टोरांटोच्या उत्तरेला यंग स्ट्रीट नावाच्या लांबलचक रस्त्याच्या कडेला टिमोथी रॉजर्स या गृहस्थाने १८०१ च्या सुमारास व्हरमाँटकडून क्वेकर कुटुंबे आणून वसवली होती. त्या वस्तीतल्या लोकांनी जप्त्या सोसल्या, तुरुंगही सोसला. क्वेकरांची एक जुनी शिस्त अशी, की पंथाला सोसावे लागलेले असले सगळे वहीत लिहून ठेवायचे: कोणाचे काय नेले, केवढ्या किमतीचे नेले. त्या वहीत शिव्याशाप नसतात, हिशेब असतो.

दंड भरण्यापेक्षा तुरुंग पत्करणे ही गोष्ट आपल्या वाचकांना अपरिचित नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी १९३० किंवा १९४२ च्या अशा आठवणी आजोबा-पणजोबांपासून चालत आल्या आहेत. म्हणून आपला ओढा एकदम क्वेकरांकडे जाईल. माझाही जातो. शिक्षकाच्या धंद्यात मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. वर्गात एखाद्या गोष्टीला पैशांचा दंड ठेवला, की ज्याच्या खिशात पैसे खुळखुळतात त्याला तो दंड वाटतच नाही. ते शुल्क वाटते. तो पैसे टेबलावर ठेवतो आणि ताठ मानेने बाहेर पडतो. दंड झाला तो फक्त गरिबाला. वीस शिलिंगांचेही असेच झाले असणार. ज्याच्याकडे दोनशे एकरांचे तयार शेत आहे त्याच्या दृष्टीने ते शुल्क. जो अजून झाडांचे बुंधे उपटतो आहे त्याच्या दृष्टीने वर्षाची मीठ-मिरची. बाप आणि तीन जाणते मुलगे असलेल्या घराला शांततेत वर्षाला चार पौंड आणि युद्धात वीस पौंड मोजावे लागत. विवेक एकच, पण त्याचा भार घरोघर वेगळा.

मुलांच्या बाबतीत तर आणखी एक गुंता होता. मेनोनाइट आणि टंकर लहानपणी बाप्तिस्मा देत नाहीत. माणसाने समजत्या वयात, स्वतःच्या इच्छेने धर्म स्वीकारावा, हा त्यांच्या श्रद्धेचा गाभा. त्यामुळे सोळा-सतरा वर्षांचा मुलगा अजून पंथात आलेलाच नसे. पंथात नाही म्हणून प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्र नाही म्हणून सूट नाही. ज्या श्रद्धेने त्याला निवडीचे स्वातंत्र्य दिले, त्याच श्रद्धेमुळे तो बंदुकीच्या रांगेत सापडला! १८१० मध्ये वडीलधाऱ्यांनी विधिमंडळाकडे अर्ज केला आणि एकविसाच्या आतल्या मुलांनाही सूट मागितली. विधिमंडळाने ती दिली. आईबापांच्या जिवाची घालमेल आपल्याला कळते. तरीही एक प्रश्न उरतोच. ज्या मुलाने अजून काही ठरवलेले नाही, त्याचा विवेक बापाने आधीच ठरवून टाकावा का? विवेक शेतासारखा वारशाने मिळत नाही. यंग स्ट्रीटच्या क्वेकरांतून १८१२ मध्ये डेव्हिड विल्सन याने फुटून ‘शांतीची लेकरे’ या अर्थाच्या नावाचा निराळा पंथ काढला. १८३७ च्या डिसेंबरात विल्यम लायन मॅकेन्झीने सरकारविरुद्ध बंड उभारले तेव्हा त्या शांतीच्या लेकरांतलेच काहीजण त्यात सामील झाले. राजासाठी शस्त्र न धरणाऱ्या परंपरेतली माणसे राजाविरुद्ध शस्त्र घेऊन निघाली. त्यांना भ्रष्ट म्हणण्याची मला घाई नाही. प्रत्येक पिढीला आपला नकार नव्याने कमवावा लागतो, एवढेच त्यातून दिसते.

आता त्या रांगेतल्या इतर माणसांकडे वळू. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नव्हते. जुलै १८१२ मध्ये युद्ध नुकतेच सुरू झाले होते आणि शेतात पीक कापणीला आले होते. मिलिशियातले कितीतरी शेतकरी सरळ घरी निघून गेले. सेनापती ब्रॉक याला पुष्कळांना कापणीसाठी सोडावेच लागले. या लोकांनी धर्मग्रंथाचा आधार दिला नाही, की अंतरात प्रकाश असल्याचे सांगितले नाही. पोरेबाळे हिवाळ्यात खातील काय, एवढाच त्यांचा धर्म. सरहद्दीवरचा बहुतेक विरोध असाच, मुका होता. त्यांच्यात एखादा असाही असेल, ज्याचे मन माणूस मारायला क्वेकराइतकेच कचरत होते, पण जो कोणत्याच पंथाचा नव्हता. त्याचे काय? कायद्याने तीन नावे ओळखली. विवेक ओळखला नाही. एकट्या माणसाचा विवेक कायद्याला दिसायला फार वेळ लागला. ब्रिटनने १९१६ मध्ये सक्तीची भरती आणली तेव्हा कोणत्याही माणसाला आपल्या विवेकाचे कारण न्यायमंडळापुढे मांडायची सोय ठेवली. कॅनडाच्या १९१७ च्या कायद्याने मात्र पुन्हा पंथाचेच नाव विचारले.

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला अशा वेळी नायकापेक्षा त्याचा शेजारी अधिक खुणावतो. कल्पना करा, नदीकाठी दोन शेते लागून आहेत. एका शेताचा धनी पंथाचा. तो घरी राहिला. दुसऱ्याचा धनी कोणत्याच पंथाचा नाही, तो गेला. पलटणीला ठरलेली माणसे हवी आहेत, तेव्हा एक जण राहिला की दुसऱ्याची पाळी लवकर येते. १८१३ च्या डिसेंबरात माघार घेणाऱ्या अमेरिकन फौजेने नायगाराकाठचे नेवार्क गाव जाळले आणि माणसे, बायका-मुलांसकट, बर्फात उघड्यावर पडली. अशा रात्री तो दुसरा शेजारी पहिल्याच्या दारात येऊन म्हणाला असता, ‘तुझे हात स्वच्छ राहिले, कारण माझे मळले,’ तर पहिल्याने काय उत्तर द्यावे?

आपल्या भाषेत एक नेमका वाक्प्रचार आहे: दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे. युद्धाला नकार देणाऱ्यावरचा सगळ्यात जड आरोप हाच. आणि तो केवळ युद्धकाळापुरता नाही. वॉटर्लूच्या मेनोनाइटांनी साठ हजार एकर जमीन विकत घेतली, पैसे मोजून, कागद करून, १८०५ मध्ये. ती जमीन ग्रँड नदीच्या खोऱ्यातली. इंग्रजांच्या बाजूने लढून आपला मुलूख गमावलेल्या सहा राष्ट्रांच्या आदिवासी संघाला १७८४ मध्ये दिलेल्या पट्ट्यातला तो तुकडा. म्हणजे शांततावाद्याच्या नांगराखालची मातीसुद्धा एका युद्धाच्या हिशेबातूनच त्याच्यापर्यंत आली होती. युद्ध चालू असता त्यांच्या गाड्या आणि जनावरे सरकारने वेठीला धरली. १८१३ च्या ऑक्टोबरात प्रॉक्टरची फौज थेम्स नदीच्या काठाने माघार घेत होती तेव्हा त्या गाड्यांत फौजेचे सामान होते. ५ ऑक्टोबरच्या लढाईत फौज उधळली, आपल्या लोकांच्या भूमीसाठी लढणारा टेकुम्से तिथेच पडला, आणि गाड्या गेल्या त्या गेल्याच. पुढे भरपाईसाठी अर्ज करावे लागले. बंदूक न उचलणाऱ्याने बंदुकीची दारू वाहून न्यावी का? लगाम हातात धरला म्हणजे युद्ध हातात धरले का? रेघ नेमकी कोठे ओढायची हे त्या गाडीवानाला कोणी सांगितले नव्हते.

या सगळ्यावरून ‘जगात कोणाचेच हात स्वच्छ नाहीत, तेव्हा नकाराला अर्थ नाही’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. मला तो आळशी निष्कर्ष वाटतो. मी गेलो असतो तर शेजाऱ्याचा भार थोडा हलका झाला असता हे खरे. पण माझ्या जाण्याने मारणे योग्य ठरले नसते. ‘सगळेच तुझ्यासारखे वागले तर?’ हा प्रश्न क्वेकराला विचारतात; पण पलीकडच्या तीरावरही सगळे त्याच्यासारखेच वागले असते तर नेवार्क जळले नसते. तेव्हा नकार खोटा ठरत नाही. मात्र त्या नकाराने शेजाऱ्याचे एक ऋण डोक्यावर चढते आणि ते फेडल्यावाचून नकार पुरा होत नाही.

ते ऋण कसे फेडावे? पहिली गोष्ट, आपल्या नकाराचा खर्च होता होईल तो स्वतः सोसावा. क्वेकरांची जप्ती मला यासाठी मोठी वाटते. गाय गेल्याने शेजाऱ्याला काही मिळाले नाही. पण हा माणूस घरी राहिला तो सुखासाठी नव्हे, एवढे गावाला कळले. दुसरी गोष्ट, आपण वेगळे वागलो म्हणून आपण श्रेष्ठ, हा भाव मनात येऊ देऊ नये. जो गेला त्याचेही मन होते, आणि कदाचित ते आपल्याहून जास्त फाटले असेल. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. आपल्यासाठी जी वाट मोकळी झाली ती दुसऱ्यासाठीही मोकळी व्हावी, म्हणून बोलावे. १८१० च्या त्या अर्जात मागणी होती आपल्या मुलांसाठी. प्रमाणपत्र नसलेल्या शेजाऱ्याच्या मुलासाठी नव्हती. माणसाच्या हातून हेच होते; संकटात तो आधी आपल्या दारापुरते पाहतो. पण सवलतीचे आणि विवेकाचे अंतर नेमके येथेच मोजता येते. सवलत ‘मला सोडा’ म्हणते. विवेक ‘हे कोणाकडूनच करवून घेऊ नका’ म्हणतो.

स्वतंत्र भारताचे सैन्य स्वेच्छेने जाणाऱ्यांचे आहे. त्यामुळे सक्तीच्या रांगेत उभे राहण्याची पाळी आपल्यावर आलेली नाही. पण लहान लहान रांगा आपल्याही वाट्याला येतात. कचेरीत लाच न घेणारा माणूस असतो. त्याच्या वारंवार होणाऱ्या बदल्यांचा त्रास त्याच्याइतकाच त्याच्या बायको-मुलांना होतो. हुंडा घेणार नाही असे एखादा मुलगा सांगतो आणि त्याच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात सासरकडच्यांची मागणी मात्र घरचे मुकाट्याने पुरी करतात. देवधर्माचे अवडंबर नको म्हणून एखादे गृहस्थ सणाच्या दिवशी वर्तमानपत्र घेऊन बसतात, आणि पाहुण्यांचे, फराळाचे, नात्यागोत्याचे सगळे ओझे घरातली बाई एकटी उचलते. त्यांचे तत्त्व चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. पण त्या तत्त्वाची बंदूक कोणाच्या खांद्यावर आहे, हे त्यांनी एकदा मान वळवून पाहावे.

अप्पर कॅनडातला तो शांतताकाळाचा दंड १८४९ मध्ये उठला. १७९३ पासून छप्पन्न वर्षे झाली होती. पहिल्या वर्षी ज्याने रक्कम मोजली किंवा गाय जप्तीत दिली, त्याचे नातू तोवर जाणते झाले असतील. एवढ्या वर्षांत कोणी वादात कोणाला जिंकल्याचे दिसत नाही. काही घरांनी दरवर्षी भरले, काही घरांनी दरवर्षी सोसले आणि सरकारच शेवटी थकले. यंग स्ट्रीटच्या क्वेकरांनी त्याच जप्तीच्या दिवसांत बांधायला घेतलेली साधी लाकडी सभागृहाची इमारत न्यूमार्केट गावात अजून उभी आहे. क्वेकरांची सभा म्हणजे मूक बसणे. ज्याला खरोखर काही सांगावेसे वाटेल त्यानेच उठून बोलायचे. वीस शिलिंग भरावेत की गाय द्यावी, याचा निर्णय त्यांनी अशाच शांततेत बसून घेतला. त्या शांततेत एखाद्याला भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याच्या नांगराचा आवाज ऐकू आला असेल, आणि या कापणीनंतर तो नांगर चालवायला कोण राहील, असा विचार त्याच्या मनात आला असेल. तो विचार ज्याच्या मनात आला आणि तरीही ज्याने नकार दिला, त्याचाच नकार मला खरा वाटतो.